शंभर किलो मागितले, सत्त्याऐंशी मिळाले: ऑप्टिमायझेशनचं पहिलं मॉडेल बांधताना

दुभत्या जनावरांसाठी शंभर किलो पशुखाद्य कमीत कमी खर्चात कसं बनेल, हा हिशेब मी पहिल्यांदा स्प्रेडशीटवर मांडला तेव्हा उत्तर आलं: मका ५५.५ किलो, सोयाबीन पेंड ३१.४ किलो, खर्च २८०१ रुपये. बेरीज करून पाहिली तर ८६.९ किलो. उरलेले तेरा किलो कुठे गेले म्हणून मी अर्धा तास सूत्रं तपासली. सूत्रं बरोबर होती. प्रथिनं किमान २० किलो हवीत हे मी लिहिलं होतं, ऊर्जा किमान ७० किलो हवी हेही लिहिलं होतं. पोतं शंभर किलोचं भरायला हवं, एवढं लिहायचं राहिलं होतं. न मागितलेलं खाद्य मशीननं फुकट का द्यावं?

ऑप्टिमायझेशन, म्हणजे अटी सांभाळून सगळ्यात चांगलं उत्तर शोधणं, शिकायला बसलेली बहुतेक मंडळी सॉल्व्हर (उत्तर शोधून देणारा प्रोग्राम) कुठला, भाषा कुठली, अल्गोरिदम कुठला यात अडकतात. तो भाग खरं तर सोपा आहे आणि बराचसा फुकट मिळतो. प्रश्न पुरता लिहून काढणं हे कष्टाचं काम, आणि ते एका बैठकीत होत नाही. विचित्र उत्तर येतं, आपण डोकं खाजवतो, मग गृहीत धरलेली एखादी गोष्ट कागदावर येते. हा लेख त्या कामाबद्दल आहे. पशुखाद्याचंच उदाहरण शेवटपर्यंत पुढे नेऊ. लॅपटॉप, लिबर ऑफिस किंवा एक्सेल आणि दहावीपर्यंतचं गणित एवढं पुरे.

पायरी पहिली: कॉम्प्युटर बंद ठेवून तीन ओळी लिहा

माझ्या हातात काय आहे? मला काय हवंय? मला अडवतंय काय?

हातात असलेल्या गोष्टींना निर्णयचल म्हणतात, म्हणजे ज्या आकड्यांचा निर्णय आपण घेणार ते. इथे चार: मका भरड, गव्हाचा कोंडा, सोयाबीन पेंड आणि सरकी पेंड, प्रत्येकी किती किलो. हवं असलेलं म्हणजे उद्दिष्ट: खर्च कमीत कमी. अडवणाऱ्या गोष्टी म्हणजे मर्यादा: एकूण वजन बरोबर १०० किलो, प्रथिनं किमान २० किलो, ऊर्जा (डेअरीवाले जिला टीडीएन म्हणतात, म्हणजे एकूण पचनीय घटक) किमान ७० किलो, तंतू जास्तीत जास्त १२ किलो. खनिज मिश्रण आणि मीठ ठरलेल्या प्रमाणात वरून पडतं, म्हणून ते हिशेबाबाहेर ठेवू.

एक चूक इथेच टाळा. ‘खर्च कमी करायचा आणि दर्जाही वाढवायचा’ असं उद्दिष्ट लिहू नका. मशीनला एकच आकडा कमी किंवा जास्त करता येतो. दुसरी इच्छा मर्यादेत घाला: दर्जा किमान इतका, मग खर्च कमीत कमी. ती मर्यादा नंतर हलवून पाहता येते, ते पुढे करूच.

पायरी दुसरी: आकडे जमवा, पण आंधळेपणानं नको

पुढचे आकडे वास्तवाच्या जवळचे आहेत, तरी ते समजावण्यापुरतेच घ्या. तुमच्या गावात, या आठवड्यात भाव वेगळे असतील.

| घटक | भाव (रु./किलो) | प्रथिनं | टीडीएन | तंतू |
|---|---|---|---|---|
| मका भरड | २५ | १०% | ८२% | २% |
| गव्हाचा कोंडा | २४ | १४% | ६६% | ११% |
| सोयाबीन पेंड | ४५ | ४६% | ७८% | ६% |
| सरकी पेंड | ३४ | २२% | ७०% | २४% |

तक्ता छापला की आकडे फार पक्के वाटू लागतात. पावसाळ्यातल्या दमट मक्यात आणि उन्हाळ्यातल्या वाळलेल्या मक्यात फरक असतो, पेंडीची प्रत गिरणीगणिक बदलते. मका किंवा सरकी पेंड ओली राहिली तर बुरशीमुळे अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि ते पुढे दुधात उतरतं. वरच्या तक्त्यात त्याचा रकानाच नाही, त्यामुळे मॉडेलच्या लेखी काळपट पडलेला मका आणि सोन्यासारखा मका एकच. आकडा कुठून घेतला, कधी घेतला हे शेजारच्या रकान्यात लिहून ठेवा. सहा महिन्यांनी फाइल उघडाल तेव्हा ‘हे २२ टक्के कुणी सांगितलं होतं?’ हा प्रश्न पडतोच.

पायरी तिसरी: स्प्रेडशीट मांडा आणि आधी स्वतः खेळा

ए रकान्यात नावं, बी रकान्यात किलो (हेच आपले निर्णय), सी मध्ये भाव, डी, ई, एफ मध्ये प्रथिनं, टीडीएन, तंतू. चार घटक दुसऱ्या ते पाचव्या ओळीत. सहाव्या ओळीत बेरजा: बी६ मध्ये किलोंची साधी बेरीज, सी६ मध्ये ‘समप्रॉडक्ट’ हे सूत्र वापरून किलो गुणिले भाव यांची बेरीज, म्हणजे एकूण खर्च, त्याच पद्धतीनं डी६, ई६, एफ६. सातव्या ओळीत मर्यादा लिहा: १००, २०, ७०, १२. या मर्यादा सॉल्व्हरच्या खिडकीत आकडे म्हणून टाइप करू नका, सेलचा पत्ता द्या. उद्या २० चे २१ करायचे झाले तर खिडकी उघडावी लागणार नाही.

सॉल्व्हरला हात लावण्याआधी बी रकान्यात चारही ठिकाणी २५ टाका. खर्च ३२०० रुपये, प्रथिनं २३, टीडीएन ७४, तंतू १०.७५ यायला हवेत. आले नाहीत तर सूत्रात चूक आहे, ती आत्ताच शोधा. आले, तर तुमच्याकडे एक चालणारं मिश्रण तयार आहे, आणि पुढे येणारं प्रत्येक उत्तर ३२०० पेक्षा स्वस्तच असलं पाहिजे. महाग आलं तर सॉल्व्हरचं नव्हे, आपलंच काहीतरी चुकलंय. पाच मिनिटांचं काम, पण पुढचे पाच तास वाचवतं.

पायरी चौथी: सॉल्व्हर चालवा

लिबर ऑफिसमध्ये टूल्स मेन्यूत सॉल्व्हर मिळतो. एक्सेलमध्ये तो आधी ऑप्शन्समधल्या ॲड-इन्समधून चालू करावा लागतो, मग डेटा टॅबवर दिसतो. लक्ष्य सेल सी६, ‘मिनिमम’ निवडा, बदलायचे सेल बी२ ते बी५, आणि मर्यादा एकेक करून घाला. पद्धत विचारली तर लिनिअर निवडा (एक्सेलमध्ये ‘सिम्प्लेक्स एलपी’), कारण इथे सगळं फक्त गुणाकार-बेरजेत आहे, कुठेही वर्ग नाही, दोन चलांचा एकमेकांशी गुणाकार नाही.

‘चल ऋण नसावेत’ ही खूण केल्याशिवाय पुढे जाऊ नका. मुद्दाम काढून बघायची असेल तर बघा. मशीन सरकी पेंड उणे किलोंमध्ये घालू लागतं, म्हणजे पोत्यातून नसलेली पेंड काढून ३४ रुपयांनी विकतं आणि त्या पैशात स्वस्त माल भरतं. मग कितीही विकता येते, नफ्याला अंतच नाही, आणि पडद्यावर ‘अनबाउंडेड’ अशी पाटी झळकते. ही पाटी दिसली की समजा, कुठलंतरी दार उघडं राहिलंय.

उलट पाटी असते ‘इन्फीजिबल’. म्हणजे सगळ्या मागण्या एकाच वेळी पुऱ्या होणं शक्यच नाही. तीही अनुभवून घ्या: कोंडा किमान ८० किलो हवाच, अशी जादा मर्यादा घाला. ८० किलो कोंड्यातून टीडीएन मिळतो ५२.८ किलो, उरलेल्या २० किलोत सगळ्यात ऊर्जावान मका भरला तरी १६.४. बेरीज ६९.२, सत्तरला काही पोचत नाही. खऱ्या कामात मर्यादा शेकड्यांनी असतात आणि भांडण नेमकं कुठल्या दोघींत आहे ते उघड दिसत नाही. तेव्हा सगळ्या एकदम उचकटू नका, एकेक सैल करत जा.

सगळं नीट असेल तर उत्तर येतं: मका १०, कोंडा ७०, सोयाबीन पेंड २०, सरकी पेंड शून्य. खर्च २८३० रुपये.

हे डोळ्यांची पापणी लवायच्या आत झालं. १९४५ मध्ये जॉर्ज स्टिग्लर या अर्थशास्त्रज्ञानं माणसाच्या आहाराचा असाच प्रश्न मांडला होता: ७७ अन्नपदार्थ, ९ पोषक घटक, १९३९ च्या अमेरिकी भावांत वर्षाचा सगळ्यात स्वस्त आहार कुठला? हातानं अदमास घेत घेत तो ३९.९३ डॉलरपर्यंत पोचला. १९४७ मध्ये जॉर्ज डँट्झिगची सिम्प्लेक्स पद्धत आली आणि त्या साली जॅक लॅडरमन यांच्या देखरेखीखाली नऊ जणांनी टेबलावरची हिशेबयंत्रं घेऊन तो प्रश्न सोडवला. मनुष्यदिवस मोजले तर १२० लागले. खरं किमान उत्तर निघालं ३९.६९ डॉलर. स्टिग्लर फक्त २४ सेंटनी चुकला होता!

सिम्प्लेक्स आत काय करते

बारावीच्या गणितात दोन चलांचे आलेख काढून, रेघोट्या मारलेल्या भागाचे कोपरे तपासल्याचं आठवत असेल. सिम्प्लेक्स तेच करते, फक्त मितींची संख्या कितीही असू शकते. सगळ्या मर्यादा मिळून एक अनेक पैलूंचा हिरा तयार होतो आणि सर्वोत्तम उत्तर त्याच्या एखाद्या कोपऱ्यावर असतंच. पद्धत एका कोपऱ्यावरून शेजारच्या, जास्त स्वस्त कोपऱ्यावर जाते. शेजारी स्वस्त कुणी उरला नाही की थांबते. १९८४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत काम करणाऱ्या नरेंद्र करमरकरांनी कडेकडेनं न जाता हिऱ्याच्या पोटातून वाट काढणारी पद्धत दिली. ग्वाल्हेरला जन्मलेला, आयआयटी मुंबईत शिकलेला हा माणूस. आज मोठे सॉल्व्हर दोन्ही पद्धती बाळगून असतात. नवख्यानं यातलं काहीही पाठ करायची गरज नाही, पण उत्तर कोपऱ्यावर येतं एवढं लक्षात ठेवा. कारण कोपरा म्हणजे टोक, आणि टोकाची उत्तरं व्यवहारात विचित्र दिसतात.

पायरी पाचवी: उत्तर जाणत्या माणसाला दाखवा

माझ्या मते हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी, आणि लोक नेमकी हीच गाळतात.

सत्तर किलो कोंड्याचं पोतं खाद्य मिसळणाऱ्या कुणालाही दाखवा. तो हसेल. कोंडा हलका, फुगीर. एवढा घातला तर पोतं नीट भरत नाही, भुकटी उडते. ‘चाळीसच्या वर नको,’ असं तो सांगेल. तुम्ही विचाराल, हे आधी का नाही सांगितलंत? तो म्हणेल, त्यात काय सांगायचं, सगळ्यांना माहीत असतं!

बरोबर. सगळ्यांना माहीत असतं म्हणूनच ते कुणी लिहीत नाही.

कोंडा ४० च्या आत अशी मर्यादा घाला. आता उत्तर: मका ३६.७, कोंडा ४०, सोयाबीन पेंड २३.३, सरकी पेंड शून्यच. खर्च २९२७. त्या एका शहाणपणाची किंमत शंभर किलोमागे ९७ रुपये. हाही एक फायदा आहे: अनुभवातून आलेला नियम किती महाग पडतो ते कळतं, आणि तो पाळायचा की सैल करायचा यावर चर्चा करता येते. एरवी अशा नियमांवर नुसते वाद होतात.

आता जरा धोकादायक खेळ, फक्त कागदावर. यादीत पाचवा घटक घाला: युरिया, किलोला ६ रुपये. पशुखाद्यात प्रथिनं मोजायची रूढ रीत अशी आहे की नायट्रोजन मोजायचा आणि त्याला ६.२५ नं गुणायचं. युरियात ४६ टक्के नायट्रोजन, म्हणजे प्रथिनं २८७ टक्के! शंभर किलोत दोनशे सत्त्याऐंशी किलो. तक्त्यात तो आकडा निमूटपणे बसतो. टीडीएन आणि तंतू शून्य लिहा आणि सॉल्व्हर चालवा.

उत्तर: मका ८५.४ किलो, युरिया १४.६ किलो, खर्च २२२२ रुपये. सातशे रुपयांची बचत, प्रथिनं कागदावर ५० टक्क्यांच्या वर, आणि गोठ्यात जनावरं मेलेली.

मशीननं मागितलेलं सगळं दिलं. मागणीतच ‘प्रथिनं’ या शब्दाच्या जागी ‘नायट्रोजन गुणिले सव्वासहा’ होतं. मोठ्या रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटातले सूक्ष्मजीव थोड्या युरियाचं प्रथिन बनवू शकतात, म्हणून त्यांच्या खाद्यात तो टक्काभर चालवून घेतात. वासरांना तेही नाही, आणि शेतीसाठीचा अनुदानित युरिया तर खाद्यात वापरायचाच नसतो. १ किलोची मर्यादा घातली की खर्च २७५४ वर येतो. मर्यादा विसरलात तर काय होतं ते पाहिलंच. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन हे रसायन मिसळण्याचं प्रकरण याच फटीतून घडलं. मेलामाइनमध्ये वजनाच्या दोन तृतीयांश नायट्रोजन असतो, त्यामुळे पाणी घातलेलं दूधही प्रथिनांच्या चाचणीत पास होत होतं. तिथे सॉल्व्हर माणूस होता, एवढाच फरक. तेव्हा उद्दिष्ट किंवा मर्यादा लिहिताना विचारा: मला हवी ती गोष्ट मी मोजतोय, की तिच्या बदल्यात मोजायला सोपी अशी दुसरीच काहीतरी?

खुद्द डँट्झिगची गत निराळी नव्हती. १९५० च्या दशकात डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं, तेव्हा या गृहस्थानं स्वतःचा आहार आयबीएम ७०१ या त्या काळच्या कॉम्प्युटरवर काढायचं ठरवलं. पोट भरल्यासारखं वाटावं म्हणून अन्नाच्या वजनातून पाण्याचं वजन वजा करून जे उरेल ते जास्तीत जास्त ठेवायचं, असं उद्दिष्ट घेतलं. मशीननं सांगितलं: रोज ५०० गॅलन व्हिनेगर. यादीत व्हिनेगरमधलं पाणी शून्य धरलेलं होतं. व्हिनेगर काढून टाकलं, तर पुढचं उत्तर आलं, सुपाच्या २०० वड्या. एवढ्या मिठानं माणूस मरेल, हे कुणी लिहिलं नव्हतं. ज्यानं पद्धत शोधली त्याची ही कथा, मग आपली सत्त्याऐंशी किलोंची काय बिशाद.

पायरी सहावी: एका उत्तरावर थांबू नका, हलवून पाहा

‘३६.७ किलो मका’ हा आकडा महिनाभरही टिकत नाही, भाव बदलला की गेला. टिकतं ते यातून मिळणारं ज्ञान: काय बदललं तर काय बदलेल.

प्रथिनांची अट १८ केली तर खर्च २८१६, २० ला २९२७, २२ ला ३०३८. म्हणजे या टप्प्यात प्रथिनांचा प्रत्येक जादा टक्का साडेपंचावन्न रुपयांना पडतो. यालाच शॅडो प्राइस म्हणतात. एक्सेल तो सेन्सिटिव्हिटी रिपोर्टमध्ये आयता देतो. हा भाव बाजारात कुठे लागत नाही, पण निर्णयाला उपयोगी. मक्याच्या प्रतीचा भरवसा नाही म्हणून २० ऐवजी २०.५ धरू, अशी सावधगिरी बाळगली तर तिची किंमत २८ रुपये. परवडते का ते तुम्ही ठरवा. तंतूंची १२ ची मर्यादा मात्र या उत्तरात साडेसहावरच आहे; तिचा शॅडो प्राइस शून्य. ती १५ केली तरी एक पैसा वाचणार नाही. ज्या मर्यादेवर बैठकीत तासभर भांडण होतं ती अशी बिनकामाची निघते, हे मी एकदा नाही, बरेचदा पाहिलंय.

आता सरकी पेंड. अनेक गोठ्यांत तिच्याशिवाय पान हलत नाही आणि आपलं मॉडेल तिला शून्य देतंय. विचारा: कुठल्या भावाला ती आत येईल? तिचा भाव ३४ वरून ३१ रुपये ६७ पैशांच्या खाली उतरला तर. किंवा तिचा भाव तोच राहून सोयाबीन पेंड ४५ वरून ५२ च्या वर गेली तर. हे दोन आकडे फळ्यावर लिहून ठेवले तर रोज सॉल्व्हर चालवायची गरज नाही. भाव तिथे पोचला की बघायचं. आणि सरकी पेंडीनं दुधाची फॅट चांगली लागते असा तुमचा अनुभव असेल, तर तो या तक्त्यात नाही. आणखी एक न लिहिलेली गोष्ट सापडली!

पूर्णांकांची अडचण

मका ३६.७ किलो घेता येतो. पंप १.७ घेता येत नाही. ‘मग जवळच्या पूर्णांकात आणू’ हा मोह टाळा. समजा १० लाख रुपये आहेत. अ जातीचा पंप ६ लाखांना, रोज १३ लाख लिटर उपसतो. ब जातीचा ५ लाखांना, १० लाख लिटर. लिनिअर उत्तर: अ जातीचे १.६७ पंप, ब शून्य. खाली आणलं तर अ चा एक पंप, १३ लाख लिटर, आणि चार लाख रुपये खिशात कुजत. खरं उत्तर ब चे दोन, २० लाख लिटर. म्हणजे ज्या पंपाचं लिनिअर उत्तरात नावही नव्हतं तोच दोनदा. सॉल्व्हरमध्ये त्या चलाला ‘इंटिजर’ अशी मर्यादा लावा, बाकी तो बघेल. फक्त वेळेची तयारी ठेवा: असे चल शेकड्यांनी झाले की पापणी लवायच्या आत येणारं उत्तर रात्रभरही लांबू शकतं.

हाच साचा, दुसरी दुकानं

एकदा नजर बसली की हे तीन प्रश्न सगळीकडे दिसतात. किरणोपचारात हातातली गोष्ट म्हणजे प्रत्येक कोनातून सोडायच्या किरणांची तीव्रता. गाठीला ठरलेला डोस मिळालाच पाहिजे, पाठीच्या कण्याला अमुकपेक्षा जास्त मिळता कामा नये. पुलाच्या कैचीत प्रत्येक दांड्याची जाडी ठरवायची, वजन कमीत कमी, ताण पोलादाच्या सोसण्याच्या आत. वीज ग्रिडवर दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे, प्रत्येकात कुठल्या केंद्रानं किती वीज द्यायची. रसायनशास्त्रात रेणूचा आकार शोधतात तेव्हा ऊर्जा कमीत कमी होईल अशा अणूंच्या जागा शोधतात. तिथे उद्दिष्ट निसर्गानंच ठरवून दिलंय, त्यामुळे निदान त्यावरून बैठक होत नाही.

स्प्रेडशीट अपुरी पडू लागली की पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेकडे वळा. तिच्यातल्या ‘पल्प’ किंवा ‘पायोमो’ या तयार साधनांमध्ये मॉडेल जवळजवळ कागदावरच्यासारखंच लिहिता येतं, आणि आत ‘हायज’ सारखा फुकट सॉल्व्हर लावता येतो. पण त्याआधी हे चार घटकांचं पोतं हातानं करा. चाळीस हजार चलांच्या मॉडेलमध्ये युरिया कुठे लपलाय ते शोधणं सोपं नसतं.

शेवटची पायरी: वाकड्या रेषा आणि एक कप चहा

आतापर्यंत १० टक्के, ४६ टक्के हे आकडे आपल्याला कुणीतरी दिले होते. विज्ञानात अनेकदा तेच माहीत नसतात आणि मोजमापांवरून शोधायचे असतात. हेही ऑप्टिमायझेशनच: मॉडेल आणि मोजमाप यांतला फरक कमीत कमी करणारा आकडा शोधा. १ जानेवारी १८०१ ला पियाझ्झी या खगोलशास्त्रज्ञाला सेरीस हा बटुग्रह दिसला, जेमतेम ४१ दिवसांची निरीक्षणं हाती लागली आणि तो सूर्याच्या उजेडात हरवला. तेवढ्यावरून गाऊस या गणितज्ञानं कक्षा काढली आणि वर्ष संपता संपता सेरीस त्या अंदाजाच्या जवळ सापडला.

आपण चहा घेऊ. कपात तापमापक ठेवा, दर दोन मिनिटांनी अर्धा तास नोंद करा, खोलीचं तापमान वेगळं मोजा. न्यूटनचा नियम म्हणतो, चहा आणि खोली यांच्यातला फरक ठरावीक काळात ठरावीक पटीनं घटतो. खोली २८ अंश, चहा ७८ असेल तर फरक ५०. दहा मिनिटांत तो ३० वर आला, तर पुढच्या दहा मिनिटांत १८ वर यायला हवा, म्हणजे चहा ४६ अंशांवर.

ए रकान्यात मिनिटं, बी मध्ये मोजलेलं तापमान, सी मध्ये मॉडेलचं: खोलीचं तापमान अधिक सुरुवातीचा फरक गुणिले ‘एक्स्प’ या सूत्राच्या कंसात उणे के गुणिले मिनिटं. के म्हणजे चहा किती वेगानं निवतो ते ठरवणारा आकडा. डी मध्ये बी आणि सी च्या फरकाचा वर्ग. डी ची बेरीज कमीत कमी करा, बदलायचा सेल एकच: के. सुरुवातीला तिथे ०.०५ ठेवा. या वेळी पद्धत लिनिअर चालणार नाही. एक्सेलमध्ये ‘जीआरजी नॉनलिनिअर’, लिबर ऑफिसमध्ये ‘डीईपीएस’ घ्या.

वाकड्या रेषांच्या प्रश्नात एक जोखीम असते. धुक्यात सह्याद्रीचा कडा उतरताना पायाखालचा उतार तेवढा कळतो. सपाटी आली की वाटतं गाव आलं, आणि असतो तो मधलाच एखादा माळ. सॉल्व्हरही असाच पहिल्या खळग्यात थांबू शकतो. एका के साठी ही भीती नाही, पण चार-पाच अज्ञात झाले की वेगवेगळ्या आकड्यांपासून सुरुवात करून पाहा आणि सगळे एकाच जागी पोचतात का ते बघा.

के मिळाला की लगेच फाइल बंद करू नका. बी आणि सी चं एकाच आलेखावर चित्र काढा. फरक वर-खाली विस्कटलेले असतील तर ती मोजमापातली किरकोळ चूक. पण बहुधा तसं दिसणार नाही: आधी मोजलेले बिंदू मॉडेलच्या रेषेखाली, शेवटी रेषेच्या वर, असा नेटका क्रम दिसेल. चहा सुरुवातीला मॉडेलपेक्षा जास्त वेगानं निवतोय, कारण वाफ उष्णता घेऊन जातेय आणि वाफेबद्दल आपण एक अक्षर लिहिलेलं नाही. दुसरा कप भरा, त्यावर बशी झाका, तापमापकापुरती फट ठेवा, आणि तीच मोजमापं पुन्हा घ्या.